धरणात बोटीने जाताय? वेग, वारा आणि लाईफ जॅकेट. बसण्याआधी या गोष्टी तपासाच

सुट्टी लागली की धरणांच्या बॅकवॉटरवर गर्दी वाढते. उजनीच्या पाण्यात भिगवण, कुंभारगाव भागात रोहित पक्षी बघायला पर्यटक होडीने फिरतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोलीला स्पीड बोटी धावतात. याच पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात आणि पलीकडच्या गावाला निघालेली माणसंही असतात. पाणी एक आणि वापरणारे अनेक, त्यामुळे बोटीचा वेग आणि सुरक्षेचे नियम प्रत्येकाला माहीत असायला हवेत.

उजनीत काय घडलं होतं?

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, बाकी सहा जणांचा बुडून मृत्यू झाला. त्यात पती-पत्नी आणि त्यांची दोन लहान मुलं होती. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून बोटीने जाणं ही इथली रोजची गोष्ट. घात झाला तो वळवाच्या वाऱ्याने.

पाण्यात ब्रेक नसतो

ताशी १० किलोमीटर वेगाची बोट सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर पुढे जाते. तीच ताशी ४० ने धावली तर सेकंदाला ११ मीटर कापते. समोर जाळं, होडी किंवा पोहणारा दिसेपर्यंत अंतर संपलेलं असतं. इंजिन बंद केलं तरी बोट जागेवर थांबत नाही, पुढे घसरत जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. इंजिनाची चाचणी सुरू असताना त्या बोटीवरचा ताबा सुटला होता. १५ जणांचा जीव गेला.

धडक बसली नाही तरी धोका असतोच. वेगवान बोटीमागे उठणारी लाट शेजारच्या लहान होडीत पाणी भरते, कधी होडी कलंडतेही. म्हणून वेगाचे साधे नियम असे:

• घाट, जेट्टी, जाळी, पोहणारे आणि लहान होड्या यांच्याजवळ मागे लाट उठणार नाही इतक्याच वेगाने जावं.
• समोरासमोर आलेल्या दोन्ही इंजिन बोटींनी आपापल्या उजवीकडे वळावं.
• अंधार, धुकं किंवा पाऊस असेल तर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा.
• पाणी उतरलं की जुन्या भिंती, झाडांची खोडं, खडक वर येतात. अशा भागात अनोळखी वाटेने बोट पळवू नये.
• घाटावर वेगमर्यादेचा फलक असेल तर ती मर्यादा सर्वांना लागू, पर्यटकांच्या बोटीलाही आणि गावच्या बोटीलाही.

क्षमता म्हणजे क्षमता

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक दगावले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि बहुतेकांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. "अजून दोघं बसतील" म्हणत भरलेल्या बोटीची कड पाण्याजवळ येते. मग सगळे एका बाजूला फोटो काढायला सरकले तरी बोट कलते.

बसण्याआधी तपासा

• बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली आहे का?
• प्रत्येकाला लाईफ जॅकेट आहे का? ते सीटखाली ठेवून उपयोग नाही. अंगात घालून बकल आणि पट्टे आवळलेले हवेत.
• लहान मुलांना त्यांच्या मापाचं जॅकेट आहे का? मोठ्यांचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.
• चालक दारू प्यालेला नाही ना?
• आभाळ भरून आलंय, वारा सुटलाय? मग थांबा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वादळ पटकन उठतं.

कायदा काय सांगतो?

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार इंजिनवर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा आवश्यक आहे. बोट चालवणाऱ्याकडेही पात्रतेचा दाखला लागतो. कागद मागणं हा प्रवाशाचा आगाऊपणा नाही.

बोट उलटलीच तर

बहुतेक बोटी उलटल्यावरही काही काळ तरंगतात. बोट धरून राहा. काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नका, पाण्यात अंतर फसवं असतं. मुलांना मधे घ्या आणि एकमेकांना धरून राहा. काठावरच्यांनी लगेच ११२ वर फोन करावा. पोहता येत नसेल तर उडी न मारता दोर, बांबू किंवा रिकामा बंद कॅन फेकावा.

पलीकडच्या काठावर घरची माणसं वाट बघत असतात. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, वारा पडल्यावरच बोट सोडा.