तालीम : एक शब्द, चार आखाडे

आमच्या उर्दू शाळेत 'तालीम' म्हटले की फळा, खडू, हजेरीपट आणि वार्षिक निकाल डोळ्यांपुढे येतो. कोल्हापुरात हाच शब्द उच्चारला तर माणूस गल्लीतल्या तांबड्या मातीच्या हौद्याकडे बोट दाखवील. नाटकवाला म्हणेल, आज रात्री तालीम आहे. गवई म्हणेल, अमुक खाँसाहेबांची तालीम मिळाली. आणि मशिदीतले मौलवीसाहेब दीनी तालमीची फिकीर करतील. 'इल्म', 'आलिम', 'मुअल्लिम' यांच्याच कुळातला हा अरबी शब्द. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि घरचाच होऊन गेला. उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठी ही दुसऱ्याची भाषा वाटते, मराठी शेजाऱ्याला उर्दू ही दुसऱ्याची. दोघांच्या तोंडी एकच शब्द खेळतो आहे, याची खबर मात्र दोघांनाही नसते.

मराठीने या शब्दाचा जो अर्थ जपला तो आम्हा शिक्षकांना विचार करायला लावणारा आहे. तालीम म्हणजे माहिती देणे नव्हे. शिकणाऱ्याने करून दाखवायचे, शिकवणाऱ्याने पाहायचे, चुकले तिथे थांबवायचे आणि पुन्हा करवून घ्यायचे, ही तालीम. बी.एड.ला आम्ही पाठटाचणे लिहिली, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे पाठ केली. पण तालमीतल्या वस्तादाने कधी टाचण काढल्याचे ऐकिवात नाही. त्याचे सारे लक्ष पठ्ठ्याच्या पायांकडे असते.

हा 'वस्ताद'ही आपलाच 'उस्ताद'. (बिलंदर माणसालाही मराठीत वस्ताद म्हणतात, हा मराठी माणसाचा मिश्किलपणा!) राजर्षी शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यानंतर खासबागेत कुस्तीचे मैदान बांधायचे मनावर घेतले आणि १९१२मध्ये ते खुले झाले. पण मैदान ही वर्षातून काही दिवसांची गोष्ट. मल्ल घडतो तो गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेल्या मातीत पहाटेपासून जोर-बैठका चालतात आणि ढाक, कलाजंग, घिस्सा हे डाव शंभरदा घोटून घेतले जातात. सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर मोतीबागेत घडले. १९६०मध्ये ते हिंदकेसरी झाले आणि पुढे त्याच तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. त्यांचे शिष्य दादू चौगुले यांनी १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. शिकलेल्याने शिकवायचे, हे ऋण तिथे कुणी कागदावर लिहून घेत नाही. याच शहराच्या अनेक तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर पंजा सर्वश्रुत आहे.

खेळाच्या इतिहासात वर्गातल्या शिक्षकाचाही वाटा आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता गाण्याकडे वळू. शाहू महाराजांच्याच आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) कोल्हापूरला राहिले. भास्करबुवा बखले बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्र्याच्या घराण्याचे नत्थन खाँ आणि मग अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांच्या पायाशी बसले. पुढे बुवांनी बालगंधर्वांना तालीम दिली आणि १९१६च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. म्हणजे रुक्मिणीच्या तोंडी जे सूर आले त्यांच्या मागे तीन खाँसाहेबांची मेहनत उभी होती. रात्रभर जागून नाट्यगीते ऐकणाऱ्या प्रेक्षकाला ही साखळी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपण मात्र ती मुलांना सांगायला हवी.

या परंपरेचे केवळ गोडवे गाणे आम्हाला मान्य नाही. कित्येक उस्तादांनी खास चिजा मुलाबाळांपुरत्या राखून ठेवल्या आणि त्या त्यांच्याबरोबर कबरीत गेल्या. गोव्याच्या केसरबाई केरकरांना १९२१पासून अल्लादिया खाँची दीर्घ तालीम लाभली, तर मोगूबाई कुर्डीकरांची तालीम मध्येच तुटली. काही काळ त्या खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, नंतर पुन्हा खाँसाहेबांकडे. हे सोसूनही मोगूबाईंनी आपली विद्या मुलगी किशोरी आमोणकर हिला आणि इतरांनाही दिली. कुस्तीच्या हौद्यात तर मुलीला पाऊल ठेवायला कालपरवापर्यंत बंदी होती.

दीनमध्ये मात्र इल्म लपवायला जागाच नव्हती. मदिनेच्या मशिदीतला सुफ्फा हा चौथरा म्हणजे गरीब विद्यार्थ्यांचे वसतिगृहच. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की बद्रच्या लढाईनंतर (इ. स. ६२४) ज्या कैद्यांपाशी खंडणी नव्हती पण अक्षरज्ञान होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, असे ठरले. ते शिक्षक मुसलमान नव्हते, ते कालचे शत्रू होते! आजही हिफ्ज करणारे मूल रोजचा सबक उस्तादांना तोंडी ऐकवते. जेर-जबरची चूक झाली की उस्ताद तिथेच अडवतात.

शायरीत या अडवण्याला 'इस्लाह' म्हणतात. बहादूरशाह जफर बादशाह होते, तरी जौक यांच्यापुढे आणि १८५४नंतर गालिबपुढे शागीर्द होते. जौकचे शागीर्द दाग देहलवी हैदराबादेत निजामाचे उस्ताद झाले. लांब पंजाबातून तरुण इक्बाल त्यांना टपालाने गजला पाठवीत आणि दुरुस्त करून घेत. थोड्याच काळात दागसाहेबांनी कळवले की आता इस्लाहची गरज उरली नाही. विद्यार्थ्याला वेळेवर मोकळे करणे हीसुद्धा तालीमच.

मराठीत गझल आणली तीही एका शिक्षकानेच. माधव जूलियन (१८९४-१९३९) हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी 'फार्सी-मराठी कोश' सिद्ध केला, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवले आणि 'गज्जलांजली' लिहिली. पुढे सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका लिहून रदीफ-काफियाचे मर्म सर्वांसाठी खुले केले. जे उस्तादाच्या बैठकीत मिळे ते खेड्यातल्या पोराला घरबसल्या मिळू लागले. आणि मिरज तालुक्यातल्या दुधगावचे आपले इलाही जमादार (१९४६-२०२१) नवोदितांच्या गझला समोर ठेवून शेर न् शेर तपासण्याच्या कार्यशाळा घेत. त्यांना त्यांनी नाव दिले होते 'गझल क्लिनिक'.