पेकानचा सुगीहंगाम व एक विसरलेला माळी



अक्रोड आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचाच एक भाऊबंद उत्तर अमेरिकेंत नदीकांठच्या रानांत वाढतो. त्याला पेकान म्हणतात. ज्या फळाला फोडावयास दगड लागतो तें, असा या मूळ आदिवासी शब्दाचा अर्थ आहे. सोळाव्या शतकांत काबेसा दे वाका हा स्पॅनिश प्रवासी टेक्ससमधील आदिवासींत राहिला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, फळांचा हंगाम आला म्हणजे टोळ्या दूरदूरून नदीकांठीं जमत व पुढें कित्येक दिवस त्यांवरच गुजराण करीत.

आजहि तेथें ऑक्टोबरपासून पेकानची सुगी सुरू होते. फळावरील हिरवी साल चार फांकांनीं उकलते व आंतील कवची सुटूं लागते. लहान मळ्यांत झाडाखालीं चादरी अंथरून लांब काठ्यांनीं फांद्या झोडपतात. म्हातारींकोतारीं व पोरें वेंचणीला बसतात. मोठ्या बागांतून आतां यंत्राचा हात बुंधा धरून झाड हलवितो. घाई मात्र दोहींकडे सारखीच. कारण ओल धरली कीं गर बिघडतो, आणि खारी व कावळे तर टपलेलेच असतात. शिवाय एका वर्षीं झाड लगडलें तर पुढच्या वर्षीं बहुधा हात आंखडतें.

परंतु खरी अडचण निराळीच होती. उत्तम झाडाचें बीं पेरलें तरी फळ तसेंच निपजेल याची शाश्वती नाहीं. आणि तें कळेपर्यंत वर्षांमागून वर्षें जावयाचीं. उपाय एकच, कलम! परंतु पेकानचें कलम सहजासहजीं साधत नसे. लुइझियानांतील डॉ. कोलोम यांचे प्रयत्न फसले. तेव्हां त्यांनीं एका निवडक झाडाच्या काड्या ओक ॲली या उंसाच्या मळ्यावरील आंत्वान नांवाच्या माळ्याकडे दिल्या. १८४६-४७ च्या हिवाळ्यांत त्यानें १६ झाडांवर कलमें बांधलीं, आणि तीं जगलीं. पुढें त्या मळ्यावर अशीं १२६ झाडें उभीं राहिलीं.

हा आंत्वान गुलाम होता. १८४८ सालीं मळ्याचा धनी वारला, तेव्हां मालमत्तेच्या यादींत त्याचीहि नोंद झाली: वय ३८, पेकानचीं कलमें बांधण्यांत निष्णात, किंमत १००० डॉलर. आडनांव नाहीं.

१८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनांत त्याच्या झाडांचीं फळें मांडलीं गेलीं व वाखाणलीं गेलीं. त्या जातीला प्रदर्शनावरूनच 'सेंटेनिअल' असें नांव पडलें. माळ्याचें पडलें नाहीं. पुढें उंसाला जमीन हवी म्हणून मूळ झाडांपैकीं बहुतेक तोडलीं गेलीं.

तरी विद्या तुटली नाहीं. चांगल्या बागेंतील एकसारखीं, पातळ सालीचीं फळें जेव्हां एखादें कुटुंब चादरीवर झाडून घेतें, तेव्हां त्या राशींत त्या माळ्याच्या हाताचा वांटा असतो. ज्या हातांची किंमत एकदां यादींत मांडली गेली, त्यांचें ऋण मात्र अजून कोणत्याच वहींत पुरतें चढलेलें नाहीं.