पडद्यावरची इंग्रजी: पाठांतर, फजिती आणि गरज

मराठी माणूस इंग्रजी कसा शिकला याचा इतिहास लिहिताना आपण शाळा, क्रमिक पुस्तके आणि सरकारी धोरणे यांची दखल घेतो. चित्रपटगृहाची सहसा घेत नाही. वास्तविक ‘इंटरव्हल’, ‘हाऊसफुल्ल’, ‘हिरो’, ‘व्हिलन’ हे शब्द पाठ्यपुस्तकातून पसरलेले नाहीत. ते तिकिटाच्या खिडकीवरून आणि जाहिरातीच्या फलकावरून आले, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांनीही ते आपलेसे केले. चित्रपटाने इंग्रजी शब्द दिले, याबद्दल वाद नाही. पण त्याने इंग्रजी बोलण्याचे धैर्य दिले का? सावर्ड्यासारख्या गावात शिकवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

आपली शालेय परंपरा मुख्यतः भाषांतराची. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर कित्येक पिढ्या वाढल्या. नियम पाठ करावा, मराठी वाक्याचे इंग्रजी करावे, इंग्रजीचे मराठी करावे. या पद्धतीने उत्तम वाचणारे आणि नेटके अर्ज लिहिणारे लोक घडवले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र तिच्यातील वाक्य कोण, कोणाला, कोणत्या स्वरात म्हणत आहे, हे विद्यार्थ्याला कळत नाही. चित्रपटातील प्रसंग नेमके हेच पुरवतो. ‘सॉरी’ म्हणणारा खेद व्यक्त करतो आहे की समोरच्याला वाटेला लावतो आहे, हे शब्दकोशापेक्षा चेहरा अधिक स्पष्ट सांगतो.

तरीही पडद्यावरची इंग्रजी प्रारंभी रोजच्या बोलण्याची नव्हती. रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४-१९३७) सावरकर भाषाशुद्धीचा पुरस्कार करत होते. ‘दिग्दर्शक’, ‘संकलन’ यांसारखे चित्रपटसृष्टीतील शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. ही स्थानबद्धता संपली त्याच १९३७ साली ‘प्रभात’चा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’ प्रदर्शित झाला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. वृद्ध वकिलाशी फसवणुकीने लग्न लावलेली त्यातील नीरा लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही कविता इंग्रजीतच गाते. शांता आपटे यांच्या गळ्यातून आलेली ती इंग्रजी बंडखोर मनाला आधार देते. पण ती पाठ केलेली कविता आहे. तीत दुकानदाराशी बोलता येत नाही. सुशिक्षित मराठी घरांतील इंग्रजीचे ते प्रामाणिक चित्र म्हटले पाहिजे: भाषा ओठांवर आहे, संवादात नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या लोकप्रिय हिंदी चित्रपटात, जो मराठी प्रेक्षकाने आपलाच मानला, इंग्रजी फजितीचा विषय झाली. ‘चुपके चुपके’मध्ये (१९७५) वाहनचालक बनून आलेला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक इंग्रजी स्पेलिंगमधील विसंगती भाबडेपणाचा आव आणून विचारतो. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (१९७७) अँथनी जडजंबाल इंग्रजी शब्दांची निरर्थक माळ फेकतो. ‘नमक हलाल’मधील (१९८२) अर्जुनसिंगच्या इंग्रजी भाषणात विजय हजारे आणि विजय मर्चंट यांच्या क्रिकेटचे समालोचन घुसते. या प्रसंगांतील हसू दुधारी आहे. साहेबी भाषेचा रुबाब त्यात उतरतो, हे खरे. परंतु चुकीची इंग्रजी बोलणारा माणूस हसण्याजोगा, हा धडाही त्याच हसण्यातून प्रेक्षकाच्या मनात मुरतो. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला हा दुसरा धडा पक्का पाठ असतो.

शासनाने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तत्पूर्वी, १९९६ मध्ये, अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी ज्या भाषेतील गाणे त्याच भाषेतील अक्षरे पडद्यावर दाखवण्याची कल्पना मांडली होती. ती साक्षरतेसाठी, आपल्या भाषांसाठी होती. कान आणि डोळा यांची तीच जोडी परक्या भाषेलाही उपयोगी पडते: उच्चार आणि लेखन यांतील दरी तिथे एकाच क्षणी दिसते.

या साऱ्याला कथेचे रूप मिळाले ते गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२). दिग्दर्शिका पुण्याच्या, लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या, इंग्रजी फारशी न येणाऱ्या आपल्या आईची प्रेरणा त्यांनी सांगितली आहे. चित्रपटातील शशी गोडबोले लाडू करून विकते. घरात तिच्या इंग्रजीची थट्टा होते. न्यूयॉर्कच्या कॉफीगृहात साधी खाण्यापिण्याची वस्तू मागताना तिची त्रेधा उडते. मग ती चार आठवड्यांच्या वर्गाला जाते आणि रात्री घरी इंग्रजी चित्रपट पाहते. तिचे शिक्षक तिच्या लाडूंच्या उद्योगासाठी ‘आंत्रप्रेन्योर’ हा शब्द देतात, आणि ती तो रस्त्याने घोळवत जाते. हा शब्द ठसतो, कारण तो तिच्या स्वतःच्या कष्टांचे नाव आहे. अखेरीस विमानात ती इंग्रजीत मागते ते हिंदी वर्तमानपत्र. एका भाषेसाठी दुसरी टाकावी लागत नाही, असे तो प्रसंग म्हणतो. गोडबोल्यांच्या घरात मराठी मात्र जवळजवळ ऐकू येत नाही, हेही नोंदवावे लागते.

चिपळूण तालुक्यातील सावर्डे महामार्गावर आहे, तिथे कोकण रेल्वेचे स्थानक आहे, आणि सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांतील मुले येथे शिकायला येतात. त्यांच्या हातातील मोबाईलवर जगभरचे चित्रपट आहेत. त्यांना शब्दांची कमतरता नाही. चुकण्याची मुभा नाही. म्हणून चित्रपटाचा उपयोग करायचा तर दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्यावा. आधी तो आवाज बंद करून पाहावा आणि पात्रे काय बोलत असतील ते मुलांनी मराठीत सांगावे. नंतर आवाजासह, मग अक्षरांसह पाहावा. शेवटी तोच प्रसंग सावर्ड्याच्या एस. टी. थांब्यावर किंवा रेल्वेच्या तिकीटखिडकीवर आणून मुलांनी तो आपल्या तोंडाने बोलावा. चुकल्यावर वर्ग हसेलच. त्या हसण्यात शिक्षकाने सामील व्हायचे की नाही, यावर पुढचे वाक्य उच्चारले जाणार की नाही हे ठरते.