जीपचा इंजिनपालट

१/
नोव्हेंबर १९७३. दिल्लीत संसदेच्या अधिवेशनासाठी विरोधी पक्षाचे एक नेते अटलबिहारी वाजपेयी चक्क बैलगाडीतून निघाले होते. निषेध होता पेट्रोलच्या दरवाढीचा. त्या प्रसंगाची दृश्ये आजही समाजमाध्यमांवर फिरतात. त्याच दरवाढीने गॅरेजांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ज्या उद्योगाला बळ दिले, तो मात्र कोणाच्या कॅमेऱ्यात आला नाही. पेट्रोलवर जन्मलेल्या जीपच्या पोटात डिझेल इंजिन बसवण्याचा हा उद्योग. आज तो हौशी मंडळींचा छंद आहे; सुरुवात मात्र गरजेतून झाली. या धाग्यात त्याचा इतिहास.

२/
प्रथम जीपविषयी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. पहिला नमुना बॅन्टम या छोट्या कंपनीने केला, पण मोठे कंत्राट विलीजला मिळाले आणि उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी फोर्डलाही सामील करून घेण्यात आले. महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या.

३/
विलीजचे पारडे जड ठरले ते मुख्यतः तिच्या इंजिनामुळे. ‘गो डेव्हिल’ हे चार सिलिंडरचे, २१९९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देई. रचना साधी, दुरुस्ती सोपी. इंधन मात्र ते सढळ हाताने पिई. युद्धात त्याची फिकीर कोणाला नव्हती, कारण पेट्रोलचे बिल सरकार भरत होते. ते बिल शेतकऱ्याच्या, ठेकेदाराच्या खिशातून जाऊ लागले तेव्हा प्रश्न उभा राहिला.

४/
भारतात जीप आली ती आधी लष्कराबरोबर. युद्ध संपल्यावर लष्करी साठ्यातून विक्रीला निघालेल्या गाड्या खाजगी मालकांकडे गेल्या. १९४५ मध्ये मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ पासून विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडण्याचे काम सुरू झाले. भागीदारांपैकी मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. एका जीपच्या कारखान्याच्या पाटीवर फाळणी कशी उमटली, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

५/
भारतीय रस्त्यांवर सर्वाधिक रुळले ते सीजे-३बी हे मॉडेल. त्याचे बॉनेट नाकाडासारखे उंच दिसते. हे सौंदर्यदृष्टीतून झालेले नाही. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर गेले, इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून बॉनेट उचलले गेले. पुढे याच उंच बॉनेटखाली उंच डिझेल इंजिन बसवणे सोपे गेले. अमेरिकेत ज्या रूपाची थट्टा झाली, तेच इथे पथ्यावर पडले.

६/
डिझेल आणि पेट्रोल इंजिनांतला मूळ भेद इथे समजून घ्यावा लागतो. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. नुसती हवा इतकी दाबली जाते की ती भट्टीसारखी तापते आणि त्या तप्त हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडताच ते आपोआप पेटते. गो डेव्हिलमध्ये मिश्रण साधारण साडेसहापट दाबले जाई; त्या काळच्या लहान मोटारींच्या डिझेल इंजिनांत हा आकडा वीसच्याही पुढे जाई. एवढा दाब सोसायचा तर इंजिनाचे लोखंड जाड हवे, म्हणून ते जड असते. मोबदल्यात त्याच अंतराला इंधन कमी लागते आणि कमी फेऱ्यांतही ओढ चांगली मिळते. चिखलात रुतलेल्या गाडीला नेमके हेच हवे असते.

७/
ही खूणगाठ जगभर बांधली गेली. ब्रिटनमध्ये १९४८ साली आलेली लँड रोव्हरही पेट्रोलवरच होती. तिच्यासाठी डिझेल इंजिन ठरले तेव्हा ते पुढच्या जागेत मावेना. परिणामी १९५६ मध्ये गाडीच्या दोन्ही चाकांमधले अंतर दोन इंचांनी वाढवण्यात आले आणि १९५७ मध्ये डिझेल लँड रोव्हर बाजारात आली. जपानमध्ये विलीजच्या परवान्यावर जीप बनवणाऱ्या मित्सुबिशीने १९५८ मध्ये स्वतःचे डिझेल इंजिन बसवले. खुद्द अमेरिकेत १९६१ पासून सीजे-५ जीपवर पर्किन्स कंपनीच्या डिझेल इंजिनाचा पर्याय मिळू लागला. पण स्वस्त पेट्रोलच्या त्या देशात त्याला फारसे कोणी विचारले नाही.

८/
भारतातले गणित उलटे होते. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांचे, म्हणजे सुखवस्तू लोकांचे इंधन. डिझेल म्हणजे ट्रक, एसटी आणि शेतीपंपांचे. या समजुतीवर कररचना उभी राहिली. पेट्रोलवर कर चढता, डिझेलवर उतरता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलउत्पादक अरब देशांनी निर्यातबंदी घातली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा दर पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोलची जीप दारात उभी ठेवणे ठीक, ती रोज चालवणे मात्र अनेकांना अशक्य झाले.

९/
१९७५ मध्ये महिंद्रने स्वतःच डिझेलकडे मोर्चा वळवला. इंजिन शोधायला फार लांब जावे लागले नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने १९६३ पासून ट्रॅक्टरचा उद्योग सुरूच होता. त्या ट्रॅक्टरच्या वंशातले सुमारे २३५० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले. नांगर ओढणारे हृदय जीपला मिळाले, असे म्हटले तर ते निव्वळ अलंकारिक ठरणार नाही.

१०/
पण कारखान्यातून निघणारी नवी जीप विकत घेणारे किती? आधीच रस्त्यावर असलेल्या हजारो पेट्रोल जीपचे काय? इथे मिस्त्रीचा प्रवेश होतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर डिझेल इंजिन ही खेड्याला नवलाची वस्तू नव्हती. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि विहिरीवरचे ‘ऑइल इंजिन’ हेच कित्येक फिटरांचे पहिले विद्यापीठ ठरले. नोझल साफ करणे, पाइपात शिरलेली हवा काढणे, पंपाचे टायमिंग कानाने ओळखणे ही विद्या मोटेच्या जागी इंजिन आले त्या पिढीने बांधावर शिकून घेतली होती. इंजिनपालटाच्या इतिहासात अभियंत्यांइतकेच श्रेय या मंडळींना द्यायला हवे. कागदोपत्री पुरावा मागे नसल्यामुळे ते दिले जात नाही, एवढेच.

११/
काम ऐकायला सोपे वाटते: जुने काढा, नवे बसवा. प्रत्यक्षात पहिली अडचण जोडावरच येते. एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला बसत नाही. बोल्टची छिद्रे जुळत नाहीत. म्हणून दोहोंच्या मध्ये जाड पोलादी पट्टी कातून घ्यावी लागते. तिला अडॅप्टर प्लेट म्हणतात. ही प्लेट लेथवर केसभर जरी सरकली, तरी इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत राहत नाही. गाडी सुरू होते, चालतेही. मग काही महिन्यांत क्लच धडधडू लागतो आणि बेअरिंग खाल्ले जाते. या छंदात फसलेल्या बहुतेक प्रकल्पांचे मूळ इथेच सापडते.

१२/
दुसरी अडचण जागेची. जीपच्या इंजिनाखालीच पुढचा अॅक्सल असतो, खड्ड्यात तो वर उसळतो. नव्या इंजिनाचा ऑइल चेंबर खोल असेल तर पहिल्याच ओढ्यात दोघांची टक्कर. मग चेंबर कापून उथळ करायचा, किंवा इंजिन वर घ्यायचे, किंवा पुढच्या पाट्यांत एखादे पान वाढवायचे. पाटे तसेही बदलावे लागतातच, कारण वाढलेल्या वजनाने गाडी पुढून वाकते.

१३/
तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि नवशिक्यांच्या ध्यानात ती उशिरा येते. जीपचे गिअर व डिफरन्शियल ४००० फेऱ्यांच्या इंजिनासाठी बेतलेले होते. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवरच रमते. चाकापर्यंतचे दाते तेच ठेवले तर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचू शकणारी गाडी पन्नासच्या पुढे जाईना. ओढ मात्र अशी की डोंगर चढून जाईल. शेतावर हे चालून जाते; महामार्गावर मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतो.

१४/
बाकी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. युद्धकालीन जीपची विद्युतयंत्रणा ६ व्होल्टची. वीसपट दाबाचे इंजिन फिरवायला ती पुरत नाही, म्हणून १२ व्होल्टचा स्टार्टर, बॅटरी, सारे नव्याने. काही जीपचे वायपर इंजिन आत ओढत असलेल्या हवेच्या खेचीवर चालत; बहुतेक डिझेल इंजिनांत ती खेच नसते. आणि चावी फिरवून डिझेल थांबतही नाही, कारण बंद करायला ठिणगीच नाही. इंधन तोडावे लागते. म्हणून डॅशबोर्डखाली तारेला जोडलेली एक मूठ येते: ओढली की इंजिन शांत. जुन्या डिझेल जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ती मूठ आठवत असेल.

१५/
या साऱ्या अडचणींवर उत्तर ठरले एक फ्रेंच इंजिन. १९७९ मध्ये महिंद्रने पेझोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि पुढे नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या कारखान्यात त्याचे उत्पादन होऊ लागले. नावातला ९० हा आकडा सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. क्षमता २११२ घनसेंटिमीटर, शक्ती साठ अश्वशक्तीच्या थोडी वर, आणि मुख्य म्हणजे फेऱ्या ४५०० पर्यंत. गो डेव्हिलच्या आकड्यांशेजारी हे ठेवून पाहावे: जवळजवळ तीच क्षमता, तीच शक्ती, तोच वेग. मूळचे ते मोटारीचे इंजिन, त्यामुळे दात्यांचे गणित बिघडत नव्हते. जणू विलीजसाठीच घडवले होते. हौशी मंडळींत ते आजही ‘एक्सडीपी’ या नावाने ओळखले जाते.

१६/
डिझेल जीपने केवळ मालकाचे पैसे वाचवले असे नाही. सातारा-कोल्हापूरकडे जिला ‘वडाप’ म्हणतात, ती जिथे एसटी पोचत नाही तिथे माणसे कोंबून नेणारी जीपवाहतूक डिझेलविना उभीच राहिली नसती. केरळच्या डोंगराळ मळ्यांत तीच कथा. वाहतूक नियमांच्या दृष्टीने वडाप हा दीर्घकाळ डोकेदुखीचा विषय राहिला, अपघातही झाले. पण आडगावच्या बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात कोणी नेले, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा तिथेच येते.

१७/
ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि दोन इंधनांतली दरी झपाट्याने आक्रसली. इंजिनपालटाचे आर्थिक कारण फारसे उरले नाही. तरीही छंद टिकला. सुट्टीच्या दिवशी तीन-चार मित्र एखादी सडकी सीजे-३बी विकत घेतात, भंगारवाल्याकडून एक्सडीपी किंवा मॅटाडोरचे मर्सिडीज परवान्याचे इंजिन मिळवतात, आणि वर्ष-दोन वर्षे हात काळे करतात. त्यांच्या विरोधात दुसरा संप्रदाय उभा आहे: मूळ इंजिन, मूळ रंग, मूळ बोल्टसुद्धा हवा म्हणणाऱ्यांचा. डिझेल बसवलेली विलीज त्यांच्या लेखी विटाळलेली.

१८/
कायदा दुसऱ्या संप्रदायाच्या बाजूने झुकला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांना बांध घालते, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि नोंदणी पुस्तकात नोंद नसलेला इंजिनपालट आज रस्त्यावर बेकायदा आहे. शेडमध्ये पाना उचलण्यापूर्वी हे ठाऊक असावे.

१९/
त्यावर कळस जुलै २०२१ चा. केंद्राने जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले: पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू स्तुत्य आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकायला हवे. सत्तरच्या दशकात ज्या जीपचे पेट्रोल इंजिन काढले गेले नाही, त्यांपैकी कित्येक परवडेनाशा झाल्या, उभ्या राहिल्या, गंजल्या, तुकड्यांनी विकल्या गेल्या. ज्यांचे इंजिन बदलले गेले त्या चालत राहिल्या, म्हणूनच पन्नाशी गाठू शकल्या. ज्या बदलामुळे गाडी वाचली, तोच आता तिला वारसा म्हणवून घेऊ देत नाही. जुन्या वाड्याला पत्रा घातला म्हणून तो वाडा नव्हे असे पुरातत्त्वाचा अभ्यासक सहसा म्हणत नाही. तो पत्र्याचीही तारीख नोंदवतो.

२०/
परिणामी गेल्या काही वर्षांत उलटा इंजिनपालट सुरू झाला आहे. डिझेल काढून मूळ पेट्रोल इंजिन परत बसवायचे. अडचण एवढीच की त्या काळी काढलेली गो डेव्हिल आणि हरिकेन इंजिने कोणी जपून ठेवली नव्हती. बरीचशी भंगारात वितळली. काही पाणी उपसायला लागली. तेव्हा आता शोध चालतो तो बंद पडलेल्या विहिरींवर, ऊसपट्ट्यातल्या शेडमध्ये, चिंचेखाली पडलेल्या गंजक्या लोखंडात. सापडलेच तर ब्लॉकवरचा क्रमांक आधी रॉकेलने पुसून वाचतात, मग भाव विचारतात.