धाब्यावरची पांढरी

पाचोऱ्याहून चाळीसगावकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं कजगावला उतरायचं आणि तिथून बहाळ. गिरणेच्या काठावरचं हे माझं आजोळ. गेल्या मे महिन्यात मामांनी धाब्याचं जुनं घर पाडायला घेतलं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून गेलो. धाब्याची माती उकरताना एक खापराचा तुकडा निघाला. लाल रंग, त्यावर काळ्या रेघा.

"माती कुठली ही?"

"पांढरीतली. आजोबांनी टाकलेली," मामा म्हणाले.

आपल्याकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं घरं पडतात, राख साचते, त्यावर पुन्हा घरं उभी राहतात आणि पांढरीचं टेकाड होतं. पावसाळ्याआधी तिथली माती धाब्यावर टाकली की घर गळत नाही, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं.

याच बहाळला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं 1952-53 आणि 1956-57 मध्ये उत्खनन केलं. काम म. न. देशपांडे यांचं, ते पुढे या खात्याचे महासंचालक झाले. खालच्या थरांत ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली, म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचे थर. समोरच्या काठावर टेकवाडे. तिथे त्या काळातली दफनं मिळाली, काही मडक्यांत ठेवलेली.

पुढे यादवकाळ. बहाळच्या शिलालेखात शके 1144, म्हणजे इसवी सन 1222 मध्ये अनंतदेवानं भवानीचं मंदिर बांधल्याची नोंद आहे. हा सिंघण यादवाच्या दरबारातला ज्योतिषी, भास्कराचार्यांच्याच घराण्यातला. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'वर त्यानं टीका लिहिली होती. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख 1207 चा. गणिताची ही परंपरा आमच्या तालुक्याशेजारची, आणि मला ती इंजिनिअरिंगची डिग्री हातात आल्यावर कळली.

खापराचा तुकडा कुठल्या थरात सापडला, त्यावरून त्याचं वय ठरतं. आमचा तुकडा धाब्यावर आला तेव्हाच त्याचा पत्ता पुसला गेला. लॉगमधली एखादी ओळ टाइमस्टँपशिवाय उरावी, तसं. पण आजोबांना दोष कसा देऊ? त्यांना पोरांच्या अंथरुणावर पडणारं पाणी थांबवायचं होतं. टेकाडात काय आहे, हे गावात कुणी सांगितलंच नव्हतं. खोदणारे आले, इंग्रजीत अहवाल लिहून गेले.

मामा नव्या घराच्या जोत्यात मुरूम म्हणून पांढरीच भरणार होते. नदीकाठून अजून दोन ट्रॅक्टर आणायचा विचार होता. रात्री ओट्यावर बसून मी त्यांना मोबाइलवर तो अहवाल मराठीत वाचून दाखवला. टेकवाड्याची दफनं आली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मेलेल्यांना पलीकडं नेत होते."

सकाळी त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. माती नको, खदानीतला मुरूम आण म्हणाले. तो महाग पडला.