समुद्रापलीकडचीं माणसें आणि घरची वही

सन १९०८ च्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेस जपानांतील कोबे बंदरांतून ‘कासातो मारू’ नांवाचें जहाज निघालें आणि १८ जून रोजीं तें ब्राझीलच्या सान्तोस बंदरास लागलें. कॉफीच्या मळ्यांवर मजुरी करण्याचा करार केलेले ७८१ लोक त्यावर होते. चार पैसे गांठीस बांधावे आणि कांहीं वर्षांनीं घरीं परतावें, एवढाच त्यांच्यापैकीं बहुतेकांचा मनसुबा होता. पुष्कळांचें परतणें मात्र कधींच झालें नाहीं. माणसें गेलीं, परंतु त्यांचीं नांवें मागें, आपापल्या गांवच्या कचेरींतील एका वहींत, तशींच राहिलीं. माणूस एका खंडांत व त्याचें नांव दुसऱ्या खंडांत, अशी ताटातूट पिढ्यान्‌पिढ्या चालली म्हणजे त्या माणसाच्या हक्कांचें काय होतें? या प्रश्नाचें उत्तर जपानच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत फार स्पष्टपणें वाचावयास मिळतें.

या वहीस जपानी भाषेंत ‘कोसेकी’ असें म्हणतात. तोकुगावा राजवटींत प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिराच्या दप्तरीं होत असे. घरांत कोणी गुप्तपणें ख्रिस्ती झालेला नाहीं ना, हें पाहणें हा तिचा हेतु. मेजी क्रांतीनंतर नव्या सरकारनें १८७१ सालीं कुटुंबनोंदीचा कायदा केला व १८७२ सालीं साऱ्या देशाची नोंद एकाच पद्धतीनें झाली. सुमारें ३ कोटी ३० लाख माणसें तींत आलीं. त्याच वर्षीं शिक्षणाची नवी व्यवस्था जाहीर झाली आणि १८७३ सालीं सक्तीच्या लष्करी नोकरीचा हुकूम निघाला. कर, शाळा व पलटण या तिहींसाठीं सरकारला माणसें मोजून हवीं होतीं, आणि तीं या वहीनें दिलीं.

या वहींतील एकक व्यक्ति नव्हे, घर. आरंभीं कुटुंबप्रमुखाचें नांव, त्याखालीं पत्नी, मुलगे, सुना, नातवंडें. जन्म, विवाह, दत्तविधान, मृत्यु हीं सारीं त्याच पानावर उतरावयाचीं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या चढविलेलीं असतात. त्यांचें स्मरण होईल. परंतु त्या वहीचा आधार श्रद्धा, तर या वहीचा आधार कायदा. १८९८ च्या दिवाणी कायद्यान्वयें लग्नसमारंभ कितीही थाटाचा झाला तरी वहींत नोंद होईपर्यंत तो विवाह कायदेशीर ठरत नसे. घरांतील माणसांनीं कोठें राहावें व कोणाशीं लग्न करावें, यांतही कुटुंबप्रमुखाच्या संमतीला मोठें वजन होतें.

तथापि खेड्यांतून लोक शहरांकडे जाऊं लागले, तेव्हां या एका वहीनें भागेना. नांव डोंगरांतील गांवीं आणि माणूस ओसाकाच्या गिरणींत, अशी स्थिति झाली. म्हणून मूळ ठिकाणाहून दूर राहणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवण्याचा कायदा १९१४ सालीं झाला. त्याचीच पुढें १९५१ व १९६७ च्या कायद्यांनीं रहिवाशांची स्वतंत्र नोंदवही बनली. पहिली वही सांगते, ‘तूं कोणाचा’. दुसरी सांगते, ‘तूं राहतोस कोठें’. दीर्घकाळासाठीं परदेशीं जाणाऱ्याचें नांव पहिलींत कायम राहतें, दुसरींतून मात्र निघतें. पुढील निम्मी हकीकत या एका वाक्यांत सांठविलेली आहे.

सन १८६६ पर्यंत जपानी माणसास देशाबाहेर जाण्याची बंदी होती. १८६८ सालीं सुमारें दीडशें मजूर हवाई बेटांत गेले, आणि १८८५ ते १८९४ या काळांत दोन्ही सरकारांच्या कराराने आणखी सुमारें २९,००० लोक तेथें पोंचले. या पहिल्या पिढीला घरची वही उपकारकच ठरली. १९०७-०८ मध्यें अमेरिकेशीं झालेल्या समजुतीप्रमाणें नव्या मजुरांना जपान परवाने देईनासें झालें. पण तेथें असलेल्यांच्या बायकांना वाट मोकळी होती. मग गांवींच्या वडील मंडळींनीं छायाचित्रें पाठवून सोयरीक जमवावी, वधूचें नांव वराच्या कोसेकींत चढवावें, आणि कायद्यानें पत्नी झालेल्या त्या मुलीनें नवऱ्याचें तोंड प्रथम पाहावें तें परदेशच्या धक्क्यावर! अमेरिकेंतील विरोधामुळें १९२० सालीं जपानी सरकारनें अशा वधूंना अमेरिकेच्या मुख्य भूमीचे परवाने देणें थांबविलें. परंतु तोंवर हजारों संसार एका ओळीच्या नोंदीवर उभे राहिले होते.

खरी अडचण आली ती मुलांची. १८९९ च्या कायद्यानें जपानी पित्याचें मूल कोठेंही जन्मलें तरी जपानीच ठरे. उलट अमेरिका, ब्राझील इत्यादि देशांत तेथल्या मातींत जन्मलेला तो तेथला नागरिक. एका अर्भकावर दोन राष्ट्रांचा हक्क, आणि मुलगा असल्यास पुढें लष्करी नोकरीचेंही ओझें. १९१६ सालीं अशांना जपानी नागरिकत्व सोडण्याची कांहीं मुभा मिळाली. पण सतरा वर्षांवरील पुरुषांस लष्करी नोकरीच्या अटी आड येतच. १९२४ सालीं धोरण एकदम उलटलें. अमेरिका, कानडा, ब्राझील, पेरू आदि ठराविक देशांत जन्मलेल्या मुलाच्या बापानें चौदा दिवसांच्या आंत नागरिकत्व राखून ठेवीत असल्याचें कळविलें नाहीं, तर तें मूल जन्मापासूनच जपानी नव्हे, असें ठरलें. ज्याला ही मुदत ठाऊक नव्हती किंवा साधली नाहीं, त्याच्या घरीं बाप वहींत आणि मूल वहीबाहेर, अशी विभागणी झाली. १९८४ च्या दुरुस्तीनें ती मुदत तीन महिन्यांची केली. नियमाचें तत्त्व मात्र कायम राहिलें, व २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तें ग्राह्य मानलें.

दुसऱ्या महायुद्धानें या वहीचें कठोर रूप प्रकट केलें. मांचुरियांत वसविलेल्या सुमारें २ लाख ७० हजार जपानी शेतकऱ्यांची १९४५ सालीं दाणादाण उडाली. कित्येक आईबापांनीं तान्हीं मुलें चिनी शेजाऱ्यांच्या ओटींत टाकलीं. १९५९ सालीं जपानांत कायदा झाला आणि ज्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता त्यांना मृत ठरवून कोसेकींतून त्यांचीं नांवें कमी करण्याची सोय झाली. १९७२ सालीं चीनशीं संबंध पूर्ववत् झाले, आणि १९८१ पासून हीं मुलें प्रौढ वयांत आपलीं माणसें शोधण्यास सरकारी व्यवस्थेनें जपानांत येऊं लागलीं. तेव्हां त्यांतील कित्येकांना आपण कागदावर केव्हांच मेलों असल्याचें दिसून आलें. जिवंत माणसानें कचेरींत उभें राहून आपण जिवंत आहों हें सिद्ध करावें, याहून विपरीत तें काय!

हीच वही दुसऱ्या बाजूनेंही चालली. कोरिया व तैवान येथील लोक साम्राज्यांत जपानी प्रजाजन होते, पण त्यांच्या वह्या वेगळ्या होत्या. १९२५ सालीं पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला तेव्हां जपानांत राहणाऱ्या कोरियन पुरुषांनाही तो लाभला. १९४५ च्या डिसेंबरांत जपानी स्त्रियांना मत मिळालें. त्याच कायद्यानें, ज्यांना कोसेकीचा कायदा लागू नाहीं त्यांचें मत स्थगित केलें. एप्रिल १९५२ मध्यें तह अमलांत येतांच त्यांचें जपानी नागरिकत्वही गेलें. लग्नामुळें जिचें नांव कोरियन वहींत गेलें होतें ती जपानांत जन्मलेली जपानी स्त्रीही त्यांतून सुटली नाहीं. जन्म कोठला, वस्ती कोठली, याहून नांव कोणत्या वहींत, हाच प्रश्न निर्णायक ठरला.

आतां परदेशस्थ जपान्यांच्या मताकडे वळूं. स्वतंत्र ‘घराण्या’ची कायदेशीर सत्ता १९४७-४८ सालीं नव्या घटनेबरोबर गेली, कोसेकी मात्र पति-पत्नी व अविवाहित मुलें एवढ्या आटोपशीर रूपांत उरली. मतदारयादी या पहिल्या वहीवरून होत नाहीं, ती दुसरीवरून, म्हणजे रहिवाशांच्या नोंदीवरून होते. तेव्हां परदेशीं राहणारा माणूस पूर्ण नागरिक असूनही मतदार नसे. १९८४ सालीं मंत्रिमंडळानें यावर एक विधेयक आणलें. १९८६ सालीं सभागृह विसर्जित झालें आणि विधेयकही त्याबरोबर संपलें. ऑक्टोबर १९९६ च्या निवडणुकींत मत देतां न आलेल्या कांहीं परदेशस्थांनीं शेवटीं न्यायालयाची पायरी चढली. १९९८ च्या दुरुस्तीनें त्यांना मत मिळालें, पण अर्धें: पक्षांच्या यादीपुरतें, मतदारसंघांतील उमेदवारासाठीं नव्हे. दूरदेशच्या मतदाराला उमेदवारांची माहिती पोंचविणें कठीण, ही सरकारची सबब.

१४ सप्टेंबर २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती सबब अमान्य केली. अनिवार्य कारणावांचून नागरिकाचें मत अडवितां येणार नाहीं, आणि दळणवळणाचीं साधनें वाढल्यावर अंतर हें तसें कारण उरत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय. फिर्यादींना प्रत्येकीं पांच हजार येन भरपाई मिळाली. रक्कम अल्प, पण तिचा अर्थ मोठा होता. २००७ च्या जुलैंतील निवडणुकींत परदेशस्थांनीं प्रथमच पुरें मत दिलें. सर्वोच्च न्यायाधीशांसंबंधींच्या लोकमतांतून त्यांना वगळणें हेंही घटनाबाह्य, असें २५ मे २०२२ रोजीं ठरलें. आणि कौतुकाची गोष्ट अशी कीं, जो नागरिक जपानांत कधींच राहिला नाहीं, त्याचें नांव परदेशस्थांच्या मतदारयादींत घालतांना कोसेकींतील मूळ गांवच आधाराला घेतात. जी वही एकेकाळीं निरुपयोगी वाटली तीच शेवटीं मताचा पत्ता झाली.

कासातो मारूवरील लोकांच्या नातवंडांची गोष्ट याहून वेगळी. जून १९९० मध्यें अमलांत आलेल्या दुरुस्तीनें जपानी वंशाच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या परदेशी लोकांना जपानांत राहून कोणतेंही काम करण्याची परवानगी मिळाली, आणि ब्राझील व पेरूमधून लोकांची रीघ लागली. वंशाचा पुरावा कोणता? आजोबांच्या कोसेकीची नक्कल! ज्यांचीं मूळ गांवें ओकिनावाच्या मुख्य बेटावर होतीं त्यांच्यापुढें आणखी एक विघ्न होतें: १९४५ च्या लढाईंत तेथल्या बहुतेक वह्या जळून गेल्या होत्या व मागाहून त्या पुन्हां तयार कराव्या लागल्या. नकलेनें त्या नातवंडांना देशाचें दार उघडलें. मतपेटीचें मात्र उघडलें नाहीं. रक्तानें ते घरचे, कायद्यानें पाहुणे.

परदेशीं गेलेल्याचा घरावर हक्क किती काळ राहावा, हा वाद केवळ भावनेचा नाहीं. जो गांवीं राहत नाहीं, कर भरीत नाहीं, त्यानें गांवच्या रस्त्यांविषयीं मत द्यावें काय, या शंकेंत तथ्य आहे. आणि जपानांत स्थानिक निवडणुकींतील मत अद्याप तेथें राहणाऱ्यासच आहे. स्वखुषीनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें जपानी नागरिकत्वही संपतें. परंतु देशाचा कायदा, देशाचें युद्ध आणि देशाचें धोरण यांचे परिणाम दूर राहणाऱ्यालाही भोगावे लागतात. मांचुरियांतील त्या मुलांहून याचा मोठा पुरावा कोणता? गैरहजेरी म्हणजे त्याग नव्हे, हा साधा विचार कायद्याच्या पानावर उतरावयास शंभर वर्षें लागलीं. वही माणसाची आठवण ठेवते ही खरी गोष्ट. पण तिच्यांत काय लिहावें आणि काय खोडावें, हें ठरविणारा हात माणसाचाच असतो.