करवीरचे चार कलावंत



आजच्या विषयात एक गवई आहे, एक चित्रकार आहे, एक नट आहे आणि एक चित्रपटकार आहे. चौघेही कोल्हापूरच्या आसमंतात एकाच काळी वावरले. या चौघांची चरित्रे एका व्याख्यानात सांगू म्हणणे म्हणजे रंकाळा ओंजळीत धरू पाहण्यासारखे आहे. तेव्हा समग्र चरित्रे सांगण्याचा आमचा विचार नाही. आम्हांला त्यांच्या आयुष्यांना एकच प्रश्न विचारावयाचा आहे. कलावंत गेल्यावर त्याची कला जाते कोठे?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो एका आगीमुळे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारलेली ही वास्तू. तिचा रंगमंच त्या रात्री जळून गेला. दुसरा दिवस होता ९ ऑगस्ट, म्हणजे ज्या नटाचे नाव या वास्तूला दिलेले, त्या केशवरावांची जयंती! कित्येक रंगकर्मींना त्या दिवशी अश्रू आवरले नाहीत. नाट्यगृह पुन्हा होते तसे उभारण्याची घोषणा शासनाने लागलीच केली, आणि ते योग्यच झाले. पण एक वास्तू जळाली म्हणजे नेमके काय गेले, आणि ती पुन्हा उभी राहिली म्हणजे नेमके काय परत येते, याचा विचार करू लागलो तेव्हा आम्ही शंभर वर्षे मागे गेलो.

१८९४ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ च्या मे महिन्यात ते निवर्तले. या अठ्ठावीस वर्षांत कोल्हापुरात वसतिगृहे निघाली, राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले, खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले गेले, आणि त्याला लागूनच नाटकाचे थिएटर उभे राहिले. तालीम आणि तालमीचा कस या दोन गोष्टी महाराजांना मल्लाप्रमाणे गवयातही दिसत असल्या पाहिजेत.

त्या गवयापासूनच सुरुवात करू. अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे धृपद-धमाराचे, काका जहाँगीरखाँ यांच्यापुढे बसून त्यांनी अनेक वर्षे तालीम घेतली. तरुणपणी ते आमलेटा या लहानशा संस्थानात असताना तेथील अधिपतीच्या आग्रहाखातर दिवसचे दिवस गात राहिले आणि त्या अतिरेकाने त्यांचा आवाजच बसला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन जाणे. पुढे आवाज परतला, पण पहिला गोडवा आणि मोकळेपणा काही परतला नाही.

येथे दुसरा कोणी असता तर दैवाला दोष देत बसला असता. खाँसाहेबांनी काय केले? हाती उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गायकीच त्यांनी नव्याने घडविली. आवाजाच्या माधुर्यावर विसंबण्याऐवजी स्वर आणि लय यांची वीण त्यांनी इतकी घट्ट केली की तान लयीच्या अंगाने वळणे घेत समेवर येई. अनवट राग आणि जोडराग त्यांनी मैफिलीत आणले. आज आपण जिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो ती अशी एका हानीतून जन्मली. १८९५ साली ते शाहू महाराजांच्या पदरी आले आणि पाव शतकाहून अधिक काळ कोल्हापूर हेच त्यांचे घर झाले.

खाँसाहेबांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या घरोघरी वाजत असताना, १९४६ साली मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा, त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे नव्हती. मग ते गाणे गेले कोठे? ते गेले भास्करबुवा बखल्यांच्या गळ्यात, मंजीखाँ आणि भूर्जीखाँ या पुत्रांच्या गळ्यात, गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात. मोगूबाईंकडून ते त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्याकडे गेले. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अवकाशात सोडली. त्यांत ठेवलेल्या जगभरच्या संगीताच्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. ज्या गुरूने तबकडीला आवाज दिला नाही, त्याची विद्या शिष्येच्या आवाजातून सूर्यमालेबाहेर गेली!

आता चित्रकाराकडे वळू. अबालाल रहिमान हे नाव कोल्हापूरबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांचे घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणारे. अक्षराचे वळण घरातच होते. ते रेषेत उतरले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक मिळविले. असे पदक घेऊन मुंबईत राहिले असते, तर श्रीमंतांची व्यक्तिचित्रे रंगवून ते सुखाने जगले असते. पण ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि शहराच्या कडेला कोटितीर्थाच्या परिसरात ते एकांतात राहिले. तळ्याचे पाणी, झाडी, रंकाळ्यावरचा संध्यामठ, सकाळ-सायंकाळचा बदलता प्रकाश हे त्यांचे विषय. त्यांच्या निसर्गचित्रांतील प्रकाश पाहून समीक्षकांना फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची आठवण होते. अबालाल तो प्रकाश घराच्या दारातून पाहत होते.

महाराज गेले तेव्हा शोकाच्या भरात अबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे कोल्हापुरात सांगतात. ही कथा अक्षरशः खरी मानावी की नाही, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. त्यांच्या कामाच्या मानाने त्यांची फार थोडी चित्रे आज पाहावयास मिळतात, हे मात्र कोणी नाकारीत नाही. १९३१ साली ते वारले. खाँसाहेबांचे गाणे शिष्यांनी उचलले. अबालालांचे चित्र उचलून ठेवणारे हात पुरेसे नव्हते. चित्र तर वस्तू आहे, ते टिकते. आणि गाणे हवेत विरते, असे आपण समजतो. या दोघांच्या बाबतीत नेमके उलट घडले!

तिसरे केशवराव भोसले. जन्म १८९० चा, कोल्हापूरचाच. पाटी हाती धरावयाच्या वयात ते नाटक मंडळीत शिरले, आणि 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्या मुलाचे नाव महाराष्ट्रभर झाले. पुढे रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या कडक गुरूची तालीम त्यांना लाभली. १ जानेवारी १९०८ रोजी, म्हणजे अठराही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' यासारखे हुंड्याच्या प्रश्नावरचे नाटक रंगभूमीवर आणण्याचे धैर्य या मंडळीने दाखविले.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर! दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर, तेही देशकार्यासाठी. त्या एका रात्रीची आठवण महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या जपली आहे. ज्या पदांनी ती रात्र गाजली त्यांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आणि हे टेंबे म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांचे भक्त, पुढे त्यांचे मराठी चरित्र लिहिणारे. एका गावची हवा कशी एका कलेतून दुसऱ्या कलेत जाते, याचा हा दाखला.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. परंतु मंडळी मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि १९२२ सालीच 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. बापूरावांमागून भालचंद्र पेंढारकरांनी तीच धुरा वाहिली.

चौथे बाबुराव पेंटर, मूळचे मेस्त्री. जन्म तोच, १८९० चा. कारागिराच्या घरात वाढले. शाळा थोडी, हात मात्र विलक्षण. ते आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' निघाला आणि हलत्या चित्राच्या ध्यासाने दोघांना पछाडले. कॅमेरा विकत घ्यावयास पैसा नाही, तेव्हा तो आपणच तयार करावयाचा, असे त्यांनी ठरविले. १९१६ साली आनंदराव मधूनच गेले. बाबुरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या, हे आवर्जून सांगितले पाहिजे. गाण्यावर मिळविलेला पैसा चित्रपटाच्या पायात घातला गेला.

१९२० च्या 'सैरंध्री'वर प्रसन्न होऊन लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. त्या चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रियांना मात्र समाजाने वाळीत टाकले. तो मान आणि हा अपमान एकाच चित्रपटाच्या वाट्याला आला. १९२५ च्या 'सावकारी पाशा'त सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. पौराणिक कथांच्या त्या दिवसांत असा विषय घेणे ही मोठी गोष्ट होती. तो शेतकरी रंगविणारा तरुण म्हणजे व्ही. शांताराम.

हा मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. बाबुरावांच्या मूकपटांपैकी तुटक अवशेष तेवढे उरले आहेत. तथापि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी, सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६) आज आपण पाहू शकतो. त्यातील साधेपणात आणि प्रकाशात बाबुरावांची शिकवण पाहावी.

आता या चौघांकडे एकत्र पाहू. ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवराव गेले आणि मे १९२२ मध्ये महाराज. खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईस आले. अवघ्या आठ महिन्यांत एक काळ संपला. राजाश्रयाचे हेच वैगुण्य आहे. तो एका माणसाच्या श्वासावर चालतो. आश्रयाने कला फुलते, हे या चौघांनी दाखविले. परंतु आश्रयाने ती टिकत नाही, हेही त्यांनीच दाखविले. टिकली ती तेथे, जेथे मागच्याने पुढच्याच्या हाती काही दिले आणि पुढच्याने ते कष्टाने घेतले. जेथे ही देवघेव अपुरी राहिली, तेथे तळ्याच्या पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता राजे नाहीत. आश्रयदाते आपणच आहोत. आपल्या गावात एखादा म्हातारा गवई, पडदे रंगविणारा चितारी, जुन्या मंडळीतला नट असेल, तर त्याच्यासमोर चार पोरे नेऊन बसवा. कोणाच्या माळ्यावर जुन्या नाटकांच्या जाहिराती, चित्रे, छायाचित्रे पडली असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी त्यांमागे नावे व साल लिहून ठेवा. जळालेले नाट्यगृह शासन बांधू शकते. त्यात गाणारा गळा आणि तो ऐकणारा कान तयार करणे हे मात्र शासनाकडून होणारे काम नव्हे. ते आपले आहे, आणि त्यासाठी कोणाच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.